चाकोरी सोडू नका

‘चाकोरीबाहेर विचार करा’ हा सल्ला आपण इतक्या वेळा ऐकलेला असतो, की चाकोरी म्हणजे काहीतरी कंटाळवाणं हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. मुळात चाकोरी म्हणजे गाडीच्या चाकांनी मातीत पाडलेली वाट. या मूळ अर्थाच्या चाकोरीवरून युरोपातल्या जंगलांमध्ये गंभीर वाद चालतो. तिथला सल्ला बरोबर उलटा आहे: काहीही झालं तरी चाकोरी सोडू नका.

स्वीडन आणि फिनलंडमध्ये लाकूडतोड जवळपास पूर्णपणे यंत्रांनी होते, जर्मनीतही मोठ्या प्रमाणावर. हार्वेस्टर नावाचं यंत्र झाड धरतं, कापतं, फांद्या उतरवतं आणि ओंडके करतं. मागून येणारा फॉरवर्डर ते उचलून रस्त्यापर्यंत नेतो. भरलेल्या मोठ्या फॉरवर्डरचं वजन ३० टनांच्या पुढे जातं.

हे वजन ज्या मातीवरून जातं, ती भरीव नसते. चांगल्या जंगलमातीचा साधारण निम्मा भाग म्हणजे नुसत्या पोकळ्या. मोठ्या पोकळ्यांतून हवा खेळते आणि पावसाचं पाणी खाली उतरतं. बारीक पोकळ्या पाणी धरून ठेवतात. वर भार आला की आधी मोठ्या पोकळ्या मिटतात. मग पाणी तुंबतं, ऑक्सिजन कमी पडतो, मुळं आणि बुरशी गुदमरतात. स्वित्झर्लंडच्या डब्ल्यूएसएल या संशोधन संस्थेने जंगलात मुद्दाम यंत्रं चालवून हे तपासलं. एरवी हवेतला मिथेन शोषून घेणारी माती जिथे खूप दबली, तिथे ती उलट मिथेन सोडू लागली. झाडांच्या मुळांशी भागीदारी करणाऱ्या बुरशी घटल्या. चार वर्षांनंतरही अशा जागी सूक्ष्मजीवांची मूळ घडी पूर्ण बसलेली नव्हती.

पण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. यंत्र एकाच वाटेवरून दहा वेळा गेलं, तर नुकसान दहा समान भागांत होत नाही. माती दबण्याचं बरंचसं काम पहिल्या काही फेऱ्यांतच उरकतं, आणि अनेकदा सगळ्यात मोठा धक्का पहिल्याच फेरीचा असतो. ओल्या जमिनीत खाचा पुढेही खोल होत जातात, हे खरं. पण पोकळ्या मिटण्याचा मोठा हिशोब तोवर झालेला असतो. भरून यायला मात्र कित्येक दशकं लागतात, आणि खोलवरच्या थरांना त्याहूनही जास्त. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला ‘अनडू’ची इतकी सवय असते, की हे वाक्य नीट उमजायलाच थोडा वेळ लागतो.

नैतिकतेचा आपला रोजचा हिशोब ‘थेंबे थेंबे तळे साचे’ या म्हणीवर चालतो. एकदा केलं तर काय बिघडतं? सुरुवातीला सूट, अति झालं की दोष. डेरेक पारफिट या तत्त्वज्ञाने १९८४ सालच्या ‘रीझन्स अँड पर्सन्स’ या पुस्तकात याच सवयीवर बोट ठेवलं. त्याने कल्पना केली ती हजार छळकर्त्यांची. प्रत्येक जण हजार बळींपैकी प्रत्येकाची वेदना इतकी किंचित वाढवतो, की ती जाणवतही नाही. मग दोषी कोण? पारफिटचं म्हणणं असं, की प्रत्येकाची कृती एकेकटी न पाहता सगळ्यांनी मिळून काय केलं, हेही पाहायला हवं.

पण मातीचं कोडं याहून वेगळं आहे. इथे पहिला ड्रायव्हर ‘मी फक्त एकदाच गेलो’ असं म्हणतो, आणि जास्तीत जास्त नुकसान त्याच्याच नावावर असतं. दहावा म्हणतो, ‘हे आधीच बिघडलेलं होतं’, आणि त्याचं म्हणणं बरंचसं खरं असतं. म्हणजे जरा बेताने घ्या, थोडं थोडं सगळीकडून जा, हा आपल्याला शहाणपणाचा वाटणारा सल्ला जंगलात सगळ्यात घातक ठरतो.

म्हणून मग ठरीव चाकोऱ्या आल्या. यंत्रांनी फक्त आखलेल्या वाटांवरूनच जायचं आणि तोडलेल्या फांद्या वाटेत अंथरून त्यावरून चालायचं. जर्मनीत पीईएफसी या वन-प्रमाणपत्राच्या निकषांनुसार दोन वाटांमध्ये साधारण किमान २० मीटर अंतर असावं लागतं. एक वाट ४ मीटर रुंद धरली, तर जंगलाची २० टक्के जमीन कायमची बळी देऊन उरलेली ८० टक्के वाचवायची, असा हा सौदा.

मग अंतर ४० मीटर करावं, बळी १० टक्क्यांवर येईल. असा आग्रह धरणारे आहेतच. पण हार्वेस्टरचा हात साधारण १० मीटर पोचतो. अंतर ४० केलं, की मधल्या पट्ट्यातली झाडं त्याच्या आवाक्याबाहेर जातात. ती पाडायला हातात चेनसॉ घेतलेला माणूस पाठवावा लागतो. लाकूडतोड हे जगातल्या धोकादायक कामांपैकी एक आहे, आणि पोलादी केबिनमध्ये बसलेला माणूस झाडाखाली उभ्या असलेल्या माणसापेक्षा कितीतरी सुरक्षित असतो. म्हणजे वाचलेल्या १० टक्के मातीची किंमत कुणाच्या तरी पाठीच्या कण्यात मोजली जाऊ शकते. ‘निसर्ग विरुद्ध नफा’ या सोप्या चौकटीत हा प्रश्न बसत नाही. मला इथे २० मीटरची बाजू जास्त पटते, पण एका अटीवर: त्या वाटांबाहेर एकही चाक पडता कामा नये, आणि कधी जायचं तेही जमिनीने ठरवावं.

या ‘कधी’साठी मराठीत नेमका शब्द आहे: वापसा. पावसानंतर रान औत घालण्याजोगं होईपर्यंत शेतकरी थांबतो, कारण चिखलात अवजार घातलं की माती बिघडते. स्वीडन-फिनलंडमध्ये हे काम हिवाळा करत असे. जमीन गोठली की तिच्यावरून वजन जाऊ शकतं. आता हिवाळे उबदार होत आहेत. लाकूड मात्र गिरणीला बारा महिने लागतं, आणि कर्जावर घेतलेलं यंत्र उभं राहिलं तरी हप्ता थांबत नाही. थांबणं बरोबर, हे ड्रायव्हरलाही कळतं. पण थांबण्याचा खर्च एकट्या ठेकेदाराच्या माथी असेल, तर त्याला नीतीचे धडे देणं हा निव्वळ दांभिकपणा आहे. तो खर्च जंगलाचा मालक आणि लाकूड विकत घेणाऱ्यांनी करारातच वाटून घ्यायला हवा.

कधी कधी थांबणं शक्यच नसतं. जानेवारी २००५ मध्ये दक्षिण स्वीडनमध्ये गुद्रुन वादळाने सुमारे साडेसात कोटी घनमीटर लाकूड आडवं केलं. पडलेल्या झाडांत किडीचा फैलाव होण्याआधी ते उचलणं भाग होतं, आणि त्या कामात माणसंही दगावली. अशा वेळी जमीन गोठायची वाट पाहा, असं कोण कुणाला सांगणार?

‘हे आधीच बिघडलंय’ हा युक्तिवाद एरवी मला संशयास्पद वाटतो, कारण घाण टाकायच्या जागा नेहमी त्याच्याच जोरावर निवडल्या जातात. जंगलात तो खरा ठरतो, पण हद्द आधी ठरलेली असेल तरच. आधी बिघडवून मग त्या जागेला चाकोरी म्हणणं, ही पळवाट झाली.

आणि ठरलेली हद्द लक्षातही राहायला हवी. विरळणीसाठी यंत्रं काही वर्षांनी पुन्हा येतात. तोवर ड्रायव्हर बदललेला असतो, वाटेवर झुडपं माजलेली असतात, वरून सगळं हिरवंगार दिसतं. झाडांवरच्या खुणा पुसल्या गेल्या आणि नकाशात नोंद नसली, तर नवा माणूस कुठलाही वाईट हेतू नसताना शेजारून नवी वाट काढतो. आणि त्याची ती पहिलीच फेरी असते.