गायरानाचा शब्बाथ

शास्त्रपाठ : लेवीय २५.१-७, निर्गम २३.१०-११

प्रेतविधीच्या वेळीं यशयाचा ४० वा अध्याय वाचला जातो, आणि मनुष्यास वाळणाऱ्या गवताची दिलेली उपमा आम्हीं पुष्कळदां ऐकिली आहे. ती खरी आहे. परंतु नगर-सोलापुराकडील माळावर राहणारास ठाऊक आहे कीं, सर्वच गवत एका जातीचें नसतें. मारवेल गवताचें ठोंब वैशाखांत पाहावें तर वर नुसती काडी व धूळ. मृगाचा पाऊस पडतांच त्याच बुडख्यांतून हिरवे कोंब निघतात. पान गेलें तरी मूळ जिवंत होतें.

हें मूळ जगतें कशावर? पावसाळ्यांत पान जें अन्न तयार करितें, त्यांतील कांहीं भाग बुडाशीं व मुळांत सांठतो. त्या शिदोरीवर ठोंब कोरडे महिने काढितें. कोंब वर येतांच जनावराच्या तोंडीं गेला, पुन्हा फुटला व पुन्हा गेला, तर शिदोरी भरावी केव्हां? कांहीं वर्षांत मूळ खंगतें. मग मारवेल व पवन्या हीं गोड गवतें नाहींशीं होऊन कुसळी माजते, आणि तिचीं टोंकदार बीजें मेंढीच्या लोंकरींत रुततात. तीही सरली म्हणजे उघडी जमीन राहते, व पावसाचें पाणी मातीसह ओढ्यास मिळतें. दबडघाव व शंकरनारायण ह्या शास्त्रज्ञांनीं १९७३ सालीं भारतांतील गवताळ रानांचे पांच प्रकार सांगितले. त्यांत आमच्या दख्खनच्या प्रकारास पवन्या व मारवेल ह्यांच्याच कुळांचीं नांवें आहेत. आज कित्येक गायरानांत तीं शोधावीं लागतात, आणि आम्ही सारा दोष पावसास देतों!

देवानें इस्राएलास सातव्या वर्षीं जमिनीस विसांवा देण्यास सांगितलें. ही आज्ञा ऐकावयास गोड आहे. पण आमच्या मंडळ्यांत भूमिहीन कुटुंबें पुष्कळ, व दोन शेळ्या हीच त्यांची पेढी. "गायरान बंद करा" असें म्हणणें ज्याच्या घरीं कडब्याची गंजी आहे त्यास सोपें जातें. म्हणून निर्गमांतील वचन जोडून वाचावें : विसांवलेल्या जमिनीचें उत्पन्न प्रथम गरिबांनीं खावें, आणि त्यांनीं ठेविलेलें रानांतल्या पशूंनीं. हा क्रम देवाचा आहे. रानांतले पशू म्हणजे आमच्याकडे काळवीट, लांडगा, आणि ज्याच्यासाठीं नान्नज येथें १९७९ सालीं अभयारण्य झालें तो, आतां अति दुर्मिळ झालेला, माळढोक.

तेव्हां उपदेशक बंधूंस आमची विनंती अशी कीं, मृगापूर्वीं ग्रामसभेंत हा विषय काढावा. सबंध गायरान नव्हे, त्याचा एक भाग गवताचें बीं पडेपर्यंत चराईस बंद असावा. पुढील वर्षीं दुसरा. बीं पडल्यावर गवत विळ्यानें, बुडापासून चार बोटें राखून, कापावें. आणि पहिला भारा कोणी न्यावा हें आधींच ठरवावें : ज्याच्या नांवावर जमीन नाहीं, त्यानें.