थंडी मुरत गेली

आज मनात एक चढण आणा. चिलकूट खिंड. अलास्काच्या किनाऱ्याकडून कॅनडातल्या युकॉन मुलखाकडे नेणारी वाट. साल 1897. जुलै महिन्यात सॅन फ्रान्सिस्कोहून बोटीने निघालेला एकवीस वर्षांचा एक पोरगा या वाटेवर ओझं घेऊन चढतो आहे. नाव जॅक लंडन, पुढे लेखक झालेला. युकॉनमधल्या क्लोंडाईकला सोनं सापडल्याची बातमी आली आणि हजारो माणसं घरदार सोडून निघाली, त्यांतलाच एक.

त्याचं ओझं जरा आपल्या पाठीवर घ्या. शिधा, अवजारं, तंबू, कपडे, मिळून जवळपास टनभर सामान. एका खेपेला पन्नास किलो धरले तर वीस खेपा झाल्या, आणि दर दोन खेपांमध्ये रिकाम्या पाठीने मागे यायचं. म्हणजे सगळं सामान एक मैल पुढे न्यायला एकोणचाळीस मैलांची चाल. घाई करू नका. ही चाल श्वासात येऊ द्या. वर जाताना श्वास तोकडा, खाली येताना लांब. पुन्हा वर. साहसकथा वाचताना या खेपा आपल्याला दिसत नाहीत, खिंड ओलांडलेला माणूस तेवढा दिसतो. ‘द कॉल ऑफ द वाइल्ड’ या त्याच्या कादंबरीतल्या बक नावाच्या कुत्र्याच्या छातीवर गाडीचा पट्टा कसा रुततो, हे लंडनला इतकं नेमकं कळलं ते या खेपांमुळेच, असं मला वाटतं.

पलीकडे तळ्याकाठी झाडं तोडून होडी बांधणं झालं, युकॉन नदीच्या खळाळातून ती हाकणं झालं. थरार तिथे भरपूर होता. आपण मात्र तो मागे टाकू आणि जिथे काहीच घडत नाही तिथे बसू.

नदी गोठली. स्ट्यूअर्ट नदी युकॉनला मिळते तिथल्या एका बेटावर, ओंडक्यांच्या खोपटात त्याने हिवाळा काढला. जवळच्या हेंडरसन क्रीकवर त्याने सोन्यासाठी जागा नोंदवली होती, पण हाती विशेष काही लागलं नाही. दिवस काही तासांचा, बाकी काळोख. अशा खोपटात माणूस काय करतो? चूल विझू देत नाही. जुन्या, मुरलेल्या माणसांचं बोलणं ऐकतो. कुणाचे पाय कसे गेले, बर्फाखालचं पाणी कुठे दगा देतं, एकट्याने केव्हा निघू नये. त्यांच्याबरोबर तुम्हीही थोडा वेळ बसा आणि काही न बोलता ऐका.

वसंत आला तोवर लंडनला स्कर्व्हीने धरलं होतं. महिनोन् महिने ताजी भाजी नाही, फळ नाही. हिरड्या सुजल्या, दात हलू लागले. जून 1898 मध्ये उघड्या होडीतून युकॉनच्या प्रवाहाबरोबर तो समुद्रापर्यंत गेला आणि घरी परतला.

आता सावकाश पुढे या. 1902 मध्ये त्याची ‘टु बिल्ड अ फायर’ ही कथा प्रसिद्ध झाली. कडाक्याच्या थंडीत एकटाच निघालेला एक माणूस. पाण्यात पाय भिजतात. तो झाडाखाली शेकोटी पेटवतो, फांद्यांवरचं बर्फ कोसळतं आणि शेकोटी विझते. या माणसाला नाव आहे, टॉम व्हिन्सेंट. तो वाचतो आणि धडा शिकतो. कथा किशोरांच्या साप्ताहिकासाठी होती, त्यामुळे त्याला वाचवणं साहजिकच होतं.

पण कथेने लंडनला सोडलं नाही. त्याने ती त्याच नावाने पुन्हा लिहिली आणि 1908 मध्ये ती प्रसिद्ध झाली. तेच भिजलेले पाय, तेच कोसळणारं बर्फ. या वेळी माणसाला नाव नाही. बरोबर एक कुत्रा आहे, आणि आज बाहेर पडण्याचा दिवस नाही हे त्या कुत्र्याला अंगातूनच कळलेलं आहे. उणे 75 फॅरनहाइट, म्हणजे उणे 59 अंश सेल्सिअस. इथे थांबा आणि त्या माणसाचे हात बघा. बोटं आता त्याची राहिलेली नाहीत. आगकाड्यांच्या जुडग्यातून एक काडी वेगळी होत नाही. शेवटी अख्खं जुडगं तो दोन तळव्यांच्या मुळांमध्ये धरतो आणि मांडीवर घासतो. सगळ्या काड्या एकदम पेटतात. कातडी जळल्याचा वास आधी येतो, वेदना मागाहून. तो वाचत नाही.

तो निघाला होता कुठे? हेंडरसन क्रीककडे. लंडनच्या स्वतःच्या ओढ्याकडे. पहिल्या कथेत हे नाव नव्हतं. थंडी 1898 चीच होती. तिला जिंकू द्यायला मात्र लेखकाला दहा वर्षं लागली. मला ही दहा वर्षं चिलकूटच्या चढणीहून अवघड वाटतात. जिवावर बेतलेल्या गोष्टीतून आपण सुटलो की सांगताना सगळ्यांनाच सोडवावंसं वाटतं. खोपटात ऐकलेल्या हकिकतींमधल्या सगळ्याच माणसांना परतीची वाट सापडली नव्हती. दुसरी कथा त्यांची आहे.

आता स्वतःकडे वळा. डोंगरात, रानात, पुरात कधी अडकला असाल तर तो प्रसंग समोर घ्या. तुम्ही तो अनेकदा सांगितला असेल. सांगता सांगता त्याला एक धडा चिकटला असेल, शेवटही गोड झाला असेल. तो धडा तेवढा अलगद काढून बाजूला ठेवा. काय उरलं? पाणी कुठपर्यंत आलं होतं? हाताला काय जाणवत होतं, काय जाणवेनासं झालं होतं? त्या ओढ्याचं, त्या टेपाडाचं नाव काय? बरोबर कोण होतं, आणि तुमच्या आधी त्याला काय उमगलं होतं?

उत्तरं येतील तशी येऊ द्या. लिहावंसं वाटलं तर लिहा. नाही तर आणखी काही वर्षं राहू द्या.