मोटारीचें अंतरंग आणि वाटसरूचा हक्क

सुख कसलें, हें ठरविण्यापूर्वीं सुख कोणाचें, हें विचारावयास पाहिजे. मोटारीच्या रचनाकारांना हा प्रश्न आज नव्यानें पडावयास हवा.

महिंद्र कंपनीनें २०२४ च्या नोव्हेंबरांत ‘एक्सईव्ही ९ई’ ही विजेवर चालणारी गाडी पुढें आणली. ती पुण्याजवळ चाकण येथें तयार होते. तिच्यांत चालकापासून शेजारच्या आसनापर्यंत तीन पडदे ओळीनें मांडलेले आहेत. अशा पडद्यांची आवड आतां सर्वत्र आहे. बसणाऱ्याचा अनुभव हेंच रचनेचें सूत्र झालें आहे. त्यांत मुळांत वावगें कांहीं नाहीं. वऱ्हाडचा वैशाख ज्यानें सोसला, तो गाडींतील गारव्याला चैन म्हणून नाक मुरडणार नाहीं.

परंतु हा ‘वापरणारा’ कोण? रचनाकारांच्या लेखीं तो मोल मोजून आसनावर बसलेला गृहस्थ होय. अकोल्याच्या जठारपेठेंत संध्याकाळीं रस्ता ओलांडणाऱ्या वृद्धेनें ती गाडी विकत घेतलेली नसते. म्हणून तिचा अनुभव कोणी विचारीत नाहीं. तथापि गाडीच्या अंतरंगाशीं तिचाहि जीव बांधलेला आहे. पूर्वीं गारवा कमी करावयाचा तर एक खुंटी फिरवावी लागे, आणि हात ती न पाहतां शोधी. गुळगुळीत कांचेवर बोटाला खूण सांपडत नाहीं. तेथें डोळेच न्यावे लागतात. ताशीं ५० किलोमीटर वेगाची गाडी दोन सेकंदांत सुमारें २८ मीटर पुढें जाते. तेवढी वाट चालक आंधळा असतो, आणि त्याच्या आंधळेपणाची किंमत दुसऱ्यानें द्यावयाची असते.

कोणी म्हणेल, आतां यंत्रच सावध झालें आहे. समोर कोणी आलें तर तें स्वतः ब्रेक लावतें. मान्य. पण पहारेकरी ठेवला म्हणून दार उघडें टाकून निजण्याचा अधिकार मिळत नाहीं. गाड्यांच्या सुरक्षिततेची पारख करणाऱ्या ‘युरो एनकॅप’ या युरोपीय संस्थेनेंहि २०२६ पासूनच्या कसोटींत वळणाचे दिवे, भोंगा, कांचपुसणी यांसारख्या गोष्टींना हाताला लागणाऱ्या स्वतंत्र कळा असण्यास महत्त्व दिलें आहे.

चालकाचें लक्ष ही त्याची खासगी मालमत्ता नव्हे. ती रस्त्यावरील प्रत्येकानें त्याच्यापाशीं विश्वासानें ठेवलेली ठेव आहे. दोष एकट्या रचनाकारांचा मात्र नाहीं. गाडी पाहावयास गेल्यावर पडदा केवढा, हें आपण सर्वच विचारतों. डोळे रस्त्यावर ठेवून तिच्यांत काय काय करतां येतें, हें विचारणारा विरळा. तो प्रश्न आपण विचारूं लागलों, तर कारखान्यालाहि उत्तर द्यावें लागेल.