शाश्वताची मालकी

मनुष्याच्या हातून घडलेली वस्तू शाश्वत असू शकते काय, आणि असल्यास तिचा धनी होणे म्हणजे नेमके काय, हा प्रश्न केवळ वेदान्त्यांचा नव्हे. स्वित्झर्लंडातील घड्याळजींनी तो आपल्या रीतीने जगापुढे ठेवला आहे. तेथे अशी मनगटी घड्याळे तयार होतात की ज्यांत वार, तारीख, महिना आणि लीप वर्ष ही सर्व, विजेच्या साहाय्यावाचून, केवळ चक्रे व तरफा यांच्या योगाने आपोआप बदलतात. या योजनेस ‘शाश्वत दिनदर्शिका’ असे नाव आहे. अशा एका घड्याळाच्या किमतीत आपल्याकडे कित्येकदा एखादे घर उभे राहील. तेव्हा ही वस्तू चैन म्हणून त्याज्य मानावी की कसब म्हणून आदरणीय समजावी, याचा विचार या ठिकाणी अप्रस्तुत होणार नाही.

प्रथम त्या कसबाची ओळख करून घेऊ. इंग्रज घड्याळजी टॉमस मज याने १७६२ च्या सुमारास ही योजना खिशातील घड्याळात साधली. पुढे जिनीव्हाच्या पाटेक फिलिप या पेढीने, १८९८ मध्ये स्त्रियांच्या गळ्यातील घड्याळासाठी केलेले यंत्र १९२५ मध्ये मनगटी घड्याळात बसविले. शाश्वत दिनदर्शिकेचे पहिले मनगटी घड्याळ ते हेच. पुष्कळ घड्याळांत या योजनेचे मर्म एका लहानशा चकतीत असते. चार वर्षांच्या ४८ महिन्यांचा हिशेब तिच्या कडेवर कोरलेला असतो, आणि चार वर्षांत तिचा एक फेरा होतो. ३१ दिवसांच्या महिन्यास खाच नाही, ३० दिवसांच्या महिन्यास उथळ खाच, फेब्रुवारीस सर्वांत खोल, आणि चौथ्या वर्षीच्या फेब्रुवारीस त्याहून किंचित उथळ. तरफेचे टोक त्या खाचेत उतरते, आणि महिनाअखेरीस किती दिवस ओलांडावयाचे हे तिच्या खोलीवरून ठरते.

इतके असूनही हे शाश्वतपण सोपाधिकच आहे. १५८२ च्या ग्रेगरी पोपच्या सुधारणेप्रमाणे ज्या शतकवर्षास ४०० ने भाग जात नाही ते लीप वर्ष नव्हे. २००० हे लीप वर्ष होते. २१०० होणार नाही. चकतीला मात्र चारच वर्षे ठाऊक! म्हणून २८ फेब्रुवारी २१०० च्या मध्यरात्री यांतील बहुतेक घड्याळे २९ तारीख दाखवतील, आणि ती कोणा मनुष्यानेच पुढे सरकवावी लागेल. इतके दूर जाण्याचेही कारण नाही. चावी दिली नाही तर असे घड्याळ सामान्यतः दोन-तीन दिवसांतच थांबते, आणि मग वार, तारीख, महिना, वर्ष हे सारे पुन्हा जुळवीत बसावे लागते. हा त्रास चुकविण्यासाठी, हातावरच्या हालचालीने चावी भरणाऱ्या घड्याळांकरिता श्रीमंतांनी विजेवर फिरणाऱ्या पेट्या घेतल्या आहेत. ज्या घड्याळाकडे कोणी पाहत नाही, ते अंधाऱ्या पेटीत बिनचूक तारीख दाखवीत राहते.

कोणी म्हणेल, हा तर उघड परिग्रह झाला. पतंजलींनी अपरिग्रहास यमांत स्थान दिले ते उगीच नव्हे. हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. परंतु दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. डिसेंबर १९६९ मध्ये जपानच्या सेइको कंपनीने क्वार्ट्झ स्फटिकावर चालणारे मनगटी घड्याळ विक्रीस आणले, आणि थोड्याच वर्षांत स्वस्त व अधिक अचूक वेळ सर्वांस मिळू लागली. ही एक मोठीच सोय झाली. पण स्वित्झर्लंडातील या धंद्यात १९७० च्या सुमारास जे ९०,००० लोक होते, ते १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यास ३०,००० हून थोडेच अधिक उरले. त्यानंतर ते हस्तकौशल्य जिवंत राहिले ते पुष्कळ अंशी महागडी घड्याळे घेणाऱ्यांमुळे. धनिकांच्या आश्रयावाचून आपली मंदिरे तरी कोठून उभी राहिली असती?

म्हणून आम्हांस असे वाटते की, दोष वस्तूत नाही आणि तिच्या किमतीतही सर्वस्वी नाही. घडविणाऱ्याचे पुण्य पैसे मोजून आपल्याकडे आले, असे धनी जेव्हा समजतो, तेथे दोष उत्पन्न होतो. २०२४ मध्ये शाफहाउझेन येथील आयडब्ल्यूसी या कारखान्याने शतकवर्षांचाही नियम पाळणारे घड्याळ केले. त्यातील एका चक्राचा फेरा ४०० वर्षांत पुरा होतो. ज्याने ते चक्र घडविले त्यास तो फेरा पाहावयास मिळणार नाही. फळाकडे दृष्टी न ठेवता कर्म करणे ते याहून निराळे काय असते? परंतु ही वृत्ती घड्याळाबरोबर बांधून देता येत नाही. घेणाऱ्यास ती स्वतः कमवावी लागते.

आमच्या घरी पौरोहित्य असल्याने पंचांगाची आठवण येणे साहजिक आहे. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे. म्हणून सुमारे बत्तीस-तेहतीस महिन्यांनी अधिक मास येतो, आणि क्षयमास तर १९८२-८३ नंतर आलेलाच नाही. पंचांगास कोणी शाश्वत म्हणत नाही. ते दरसाल नव्याने गणिले जाते, गुढीपाडव्यास वाचले जाते आणि वर्षअखेर जुने होते. तरीही कालगणना अखंड राहिली आहे. कारण ती कागदावर सोपविलेली नसून गणित शिकणाऱ्या आणि शिकविणाऱ्या माणसांवर सोपविलेली आहे. घड्याळाचेही खरे आधार हेच: चावी देणारा हात, तेल घालणारा घड्याळजी, आणि २१०० साली ती एक तारीख सरकवणारा, आज न जन्मलेला कोणी.

तेव्हा मौल्यवान वस्तूचा धनी होणे म्हणजे तिचा विश्वस्त होणे. जो तिचे मर्म जाणतो, तिची निगा राखतो आणि ती पुढच्या हाती समजावून देतो, त्यास चैनखोर म्हणण्यास आमची जीभ धजणार नाही. जो केवळ लोकांनी पाहावे म्हणून ती बाळगतो, त्याच्या मनगटावर शाश्वत असे काहीच नाही.

हा विचार देवस्थानांसही लागू आहे. देवास घड्याळ, समई, चांदीची उपकरणी अर्पण करणारे भाविक पुष्कळ असतात, आणि त्यांची श्रद्धा वंदनीय आहे. पण घड्याळास नित्य चावी कोण देणार, चांदी कोण उजळणार, हे विचारून दान करणारा विरळा. वाचकांपैकी ज्यांच्या मनात असे दान असेल, त्यांनी वस्तूबरोबर तिच्या सेवेचाही संकल्प करावा, आणि शक्य असेल तर वर्षातून काही दिवस ती सेवा स्वतःच्या हाताने करावी, एवढीच आमची विनंती आहे.