करीन्याकडून महजराकडे

विद्यापीठात शिकण्यासाठी वेल्ह्याहून पुण्यास गेलेल्या माझ्यासारख्या विद्यार्थ्याजवळ ग्रंथ थोडे असले, तरी इतिहास विपुल होता. कारण ज्या घराच्या ओसरीवरून तोरणा दिसतो, त्या घरात इतिहास वाचावा लागत नाही, तो पंगतीत ताटाबरोबरच वाढला जातो. शिवाजीमहाराजांनी रायरेश्वरी स्वराज्याची शपथ घेतली आणि सोळाव्या वर्षी तोरणा घेऊन त्या स्वराज्याला तोरण बांधले, ही वाक्ये मला आजोबांच्या आवाजासह पाठ होती. तेव्हा पहिल्याच निबंधात मी तो रायरेश्वरचा प्रसंग मोठ्या आवेशाने रंगविला; आणि निबंध परत हाती आला, त्या वेळी मला सर्वांत प्रिय असलेल्या वाक्यासमोर, समासात, अध्यापकांनी एकच शब्द लिहिलेला होता: ‘कशावरून?’

त्या शब्दाने मी दुखावलो, हे कबूल केले पाहिजे. मला तो प्रश्न माझ्या डोंगरावर आणि माझ्या आजोबांवर घेतलेल्या संशयासारखा वाटला. पुढे ग्रंथालयात बसून शोध घेतला, तेव्हा कळले की, त्या शपथेची कथा मुख्यतः रोहिडखोऱ्याचे देशपांडे दादाजी नरस प्रभू यांना १६४५ साली लिहिल्या गेलेल्या म्हणून प्रसिद्ध असलेल्या एका पत्राच्या आधारावर उभी आहे, आणि त्या पत्राच्या अस्सलपणाविषयी जाणत्या इतिहासकारांनी गंभीर शंका घेतल्या आहेत. मी लिहिले ते खोटेच होते, असे त्यावरून ठरत नाही. परंतु जे मी निःशंकपणे लिहिले, त्याचा आधार कोणता आणि तो किती भार पेलतो, याचा विचार मी क्षणभरही केला नव्हता, एवढे मात्र निश्चित ठरते.

समासातला हा प्रश्न परका नाही, हे मला हळूहळू उमगले. ग्रँट डफ याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली प्रसिद्ध झाला आणि पुढे कित्येक वर्षे तोच प्रमाण मानला गेला. त्या ग्रंथाला आव्हान देणारा सविस्तर निबंध १८६८ साली प्रसिद्ध केला तो नीळकंठ जनार्दन कीर्तने या महाविद्यालयात शिकणाऱ्या तरुणाने. पुढे विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी गावोगावची दप्तरे पालथी घालून १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडाखंडाने छापली, आणि त्यांच्या प्रस्तावनांतून आपल्याच बखरींतील कालविपर्यास निर्भीडपणे दाखविले. साहेबाच्या चुका दाखविणे त्या काळीही धैर्याचे होते. पण आपल्या प्रिय कथेतील चूक आपणच दाखविणे, ही त्याहून कठीण पायरी राजवाड्यांनी गाठली. १९१० साली पुण्यात स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाने याच वृत्तीला घर मिळवून दिले.

या विचाराची खरी कसोटी मात्र आमच्याच मुलखातल्या एका कागदाने लावली. भोर तालुक्यातील कारी गावच्या जेधे देशमुखांच्या दप्तरातील शकावली लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ साली मंडळातर्फे प्रसिद्ध झाली. महाराजांचा जन्म शके १५४९ मध्ये, म्हणजे १६२७ साली झाला, असा समज तोवर रूढ होता; शकावलीत मात्र शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, अशी नोंद निघाली. विद्वानांनी ती लगेच मान्य केली नाही, आणि न करण्यातच त्यांची विद्वत्ता होती. रोहिडखोऱ्याच्या देशमुखीसाठी जेध्यांचा उत्रौलीच्या खोपड्यांशी जुना तंटा असल्याने, जेध्यांच्या घरचा कागद जेध्यांकडे झुकणार, ही शंका रास्तच होती. परंतु महाराजांची जन्मतिथी बदलून जेध्यांच्या वतनात एका बिघ्याचीही भर पडणार नव्हती, आणि स्वार्थ जेथे नाही तेथे साक्षीचे वजन वाढते. तिथी आणि वार यांचा मेळ गणिताने बसला. कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’तून आणि जोधपूरकडे सापडलेल्या कुंडलीतून, म्हणजे एकमेकांशी संबंध नसलेल्या ठिकाणांहून, तीच तिथी पुढे आली. तरीही वाद चालला, शासनाने समिती नेमली, आणि अखेर एकविसाव्या शतकाच्या आरंभी ती तिथी शासनमान्य झाली. एका तिथीसाठी विद्वानांनी ऐंशीहून अधिक वर्षे घालविली, हा मी कालापव्यय मानीत नाही. सत्याविषयीच्या आदराचे ते माप आहे.

जेध्यांच्याच दप्तरातील ‘करीना’ वाचताना माझ्या मनातला अखेरचा अडसर दूर झाला. वतनाच्या तंट्यात प्रत्येक पक्ष आपल्या हकिगतीचा करीना लिहून देई; मग पुरशीस होई, साक्षी घेतल्या जात, कागदांवरचे शिक्के पारखले जात, आणि गोतसभा दोन्ही बाजू ऐकून जो निवाडा करी त्याचा महजर होऊन त्यावर हजर असलेल्यांची नावे आणि निशाण्या पडत. माझा पहिला निबंध हा केवळ करीना होता. एकाच पक्षाची, उत्कट, कदाचित खरीही, पण उलटतपासणी न झालेली ती हकिगत होती. विद्यापीठ मला महजर लिहावयास सांगत होते. ज्याला आज तळटीप म्हणतात ती साक्षीदाराची निशाणी होय, आणि दुसऱ्याचे वाक्य त्याचे नाव न घेता आपल्या निबंधात घालणे म्हणजे साक्ष घेऊन साक्षीदारालाच चावडीबाहेर काढणे होय.

यानंतर माझे मराठीही बदलले. ‘आहे’, ‘असावे’, ‘असेल’, ‘असे म्हणतात’ ही रूपे मी पूर्वी वाक्याच्या लयीसाठी निवडीत असे. आता प्रत्येक रूप पुराव्याच्या वजनाप्रमाणे निवडावे लागते, हे कळले. तोरणा महाराजांनी सोळाव्या वर्षी घेतला, हे वाक्यच पाहा: जन्म १६२७ चा धरला तर ते हिशेबात बसत नाही, १६३० चा धरला तर बसू शकते, पण तोरणा हाती आल्याचे साल १६४६ की १६४७, याविषयीच मतभेद असल्यामुळे तेथे ‘घेतला असावा’ असेच लिहिले पाहिजे. त्या ‘असावा’मुळे तोरण्याची उंची एका हातानेही कमी होत नाही. उलट, ज्याच्यावर प्रेम आहे त्याच्याविषयी आपण प्रमाणाबाहेर एक शब्दही बोललो नाही, याचे समाधान घेऊन तो गड चढता येतो.

भोर आणि वेल्ह्याच्या खोऱ्यांतून आज जी मुले-मुली महाविद्यालयांत आणि विद्यापीठात जात आहेत, त्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे. समासात ‘कशावरून?’ असा प्रश्न आला तर रागावू नका. तो विचारणारा तुम्हाला गोतसभेत बसण्याच्या योग्यतेचे समजतो आहे. आणि घरातल्या जुन्या पेटीत एखादा मोडी कागदांचा रुमाल असेल, तर तो वाळवीच्या स्वाधीन होण्यापूर्वी वाचणाऱ्याच्या हाती द्या. कारण महाराजांची जन्मतिथी ज्या कागदाने आपल्याला दिली, तोही कारीच्या एका वाड्यात असाच जपून ठेवलेला होता.