म्हण कोणाची, साक्ष कोणाची?

नागपूर शहरात जरीपटका नावाची मोठी वस्ती आहे. बाजारहाटास तेथे जाणाऱ्या आपल्या काही बंधूंस मी ह्या नावाचा अर्थ विचारून पाहिला. एकाने ते जुन्या मालगुजाराचे नाव असेल असे सांगितले. दुसरा नुसता हसला. वास्तविक जरीपटका म्हणजे पेशवाईतील फौजेचे जरतारी निशाण होय. सेनापतीस ते मोठ्या मानाने मिळे. आज ज्यांच्या दुकानांनी ही वस्ती गजबजलेली दिसते, त्यांपैकी पुष्कळांची घराणी १९४७ च्या फाळणीनंतर सिंध प्रांतातून येथे आली. निशाणाचा अर्थ ठाऊक नसल्याने त्यांचे काही अडत नाही, व आपलेही अडत नाही. गावाचे नाव अर्थावाचून चालते.

परंतु म्हणीचे तसे आहे काय? म्हण बोलणारा नुसते नाव घेत नाही. तो कोणाची तरी थोरवी गातो किंवा कोणाला तरी दोष लावतो. मग त्या म्हणीच्या पोटात जे आहे त्याचा जबाब त्याने द्यावा की नाही, हा प्रश्न मला पुष्कळ दिवस सतावीत आहे.

त्या निशाणाच्या काळातीलच दोन वाक्प्रचार घ्या. मोठा पराक्रम केला म्हणजे आपण म्हणतो, त्याने अटकेपार झेंडा लावला. अटक हे सिंधू नदीच्या काठचे ठाणे. १७५८ साली रघुनाथराव पेशवे, ज्यांस राघोबादादा म्हणतात, त्यांच्या सेनापतित्वाखालील मराठी फौजांनी लाहोर घेतले व पुढे अटकेपर्यंत मजल मारली. तो मुलूख दुसऱ्याच वर्षी हातचा गेला, पण म्हण राहिली. आता दुसरा वाक्प्रचार पाहा. कोणी लिहिलेल्या मजकुरात लबाडीने फेरफार केला की आपण म्हणतो, त्याने 'ध' चा 'मा' केला. ३० ऑगस्ट १७७३ रोजी पुण्याच्या शनिवारवाड्यात नारायणराव पेशवे ह्या अठरा वर्षांच्या मुलाचा गारद्यांनी खून केला. राघोबांनी त्यास 'धरावे' असे लिहिले होते, आणि त्यांच्या पत्नी आनंदीबाई ह्यांनी अक्षर बदलून 'मारावे' केले, अशी कथा सांगतात.

वाचकहो, येथे थोडे थांबा. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे ह्यांनी ह्या खुनाबद्दल दोषी ठरविले ते राघोबांस. परंतु आपल्या बोलण्यात काय उरले? नवऱ्याच्या वाट्यास अटकेचा झेंडा आला, आणि खुनाचा डाग बायकोच्या कपाळी लागला. अडीचशे वर्षे होऊन गेली. ज्यास पेशवाईचा एक सनही ठाऊक नाही असा शाळकरी मुलगादेखील त्या बाईविरुद्ध रोज साक्ष देतो. तिने अक्षर बदलले नाहीच, असे मी म्हणत नाही. मी तेथे नव्हतो. पण साक्ष देणाराही तेथे नव्हता. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये ही आज्ञा आपण मुलांकडून पाठ करून घेतो. ती मेलेल्या शेजाऱ्यास लागू नाही, असे कोठे लिहिले आहे?

ह्यावर कोणी म्हणेल की, शब्द घासून गुळगुळीत झाले आहेत. बोलणाऱ्याच्या मनात आनंदीबाईही नाहीत व राघोबाही नाहीत. हे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. नाकी नऊ आले असे म्हणताना कोणी नऊ मोजीत बसत नाही, आणि बसूही नये. नाहीतर आपले बोलणेच खुंटेल. परंतु शब्द घासतो तो बोलणाऱ्याच्या तोंडात. ऐकणाऱ्याच्या कानात तो तसाच धारदार असू शकतो. 'गाव तेथे महारवाडा' ही म्हण घ्या. चांगल्या ठिकाणीही काही वाईट असावयाचेच, ह्या अर्थाने ती सहज बोलतात. तिचे मूळ गावगाड्याच्या रचनेत आहे: वेशीची राखण, सरकारी निरोप, मेलेली जनावरे ओढणे ही कामे ज्यांच्याकडे होती, त्यांस गावाबाहेर राहावे लागे. म्हणजे ज्यांच्या सेवेवाचून गाव चालत नव्हता, त्यांचे घर म्हणीत घाण ठरले. आपल्या मंडळ्यांतील कितीतरी जणांच्या आजोबांचे ते घर होय. रेव्हरंड मॅन्वेरिंग ह्यांनी १८९९ साली मराठी म्हणींचा मोठा संग्रह छापविला. संग्रह करणारा जे आढळले ते लिहितो, त्यात त्याचा दोष नाही. पण व्यासपीठावरून बोलणाऱ्यास निवड करता येते. म्हणून माझे मत असे की, अज्ञानाने बोललेल्याचा दोष हलका आहे, परंतु अर्थ कळल्यावर तीच म्हण पुन्हा बोलणे हे निराळे कृत्य आहे.

कित्येक इंग्रजी म्हणींचे मूळ तर आपल्याच शास्त्रात सापडते. लेवीय पुस्तकाच्या १६ व्या अध्यायात दोन बकरे आहेत. एकाचा वध होतो. दुसऱ्यावर लोकांची पापे ठेवून त्यास जिवंत रानात सोडतात. टिंडेल ह्यांनी १५३० साली छापलेल्या भाषांतरात ह्या दुसऱ्यास 'निसटलेला बकरा' अशा अर्थाचे नाव दिले, आणि इतरांचा दोष ज्याच्या माथी मारतात त्यास इंग्रज आजही त्याच नावाने ओळखतात. आपण त्याच अर्थी 'बळीचा बकरा' म्हणतो; पण आपला बकरा कापला जातो, तो निसटत नाही. शिकविताना हा भेद सांगावा.

मी स्वतः मात्र दुसऱ्याच ठिकाणी फसलो. तरुणपणी एका खेड्यात उपदेश करताना, पिलाताने हात धुतले हे इंग्रजी पुस्तकांतील वळणाने सांगितले, व पुढे उत्साहाने म्हणालो की आपणही गरिबांच्या दुःखाविषयी असेच हात धुतो. उपासना संपल्यावर एक म्हातारी आजी जवळ आली. "पाळकबुवा," ती म्हणाली, "मेला हात धुऊन येशूच्या मागे लागला होता, हे खरे. पण आम्ही कोणा गरिबाच्या मागे लागलो?" मी तिला समजावू लागलो, तो शेजारचा गृहस्थ म्हणाला, "तसे नव्हे आजी, वाहत्या गंगेत हात धुतले, म्हणजे त्याने पैसे खाल्ले." एका पिलाताचे आम्ही तिघांनी तीन पिलात केले!

त्या दिवसापासून मी प्रथम घंगाळातल्या पाण्याची गोष्ट सांगतो. अनुवाद पुस्तकाच्या २१ व्या अध्यायात, खून कोणी केला हे कळत नसेल तेव्हा गावाच्या वडिलांनी हात धुऊन आपण निर्दोष आहो असे सांगण्याची रीत आहे. पिलातासमोरच्या लोकांस ती ठाऊक होती. येथे तर मारणारे कोण, हे सर्वांस दिसत होते. इतके सांगून मग म्हणतो की, त्याने अंग काढून घेतले, हात झटकले. पुढल्या खेपेस मी हे त्या आजीस सांगितले, तेव्हा तिने विचारले, "आणि हुकूम कोणी दिला?" मी म्हणालो, "त्यानेच." "मग झटकले कुठे?" असे म्हणून ती आपली काठी घेऊन घराकडे निघाली.