लग्न थांबवल्यानंतर

चि. मनीषा,

धारूर तालुक्यात ग्रामसेविका म्हणून रुजू झालीस, फार आनंद वाटला. घरपट्टी, पाणीपट्टी, दाखले वर्षभरात अंगवळणी पडतील. पण २००६च्या कायद्याखाली गावातली बालविवाह प्रतिबंधक अधिकारीही तूच आहेस. त्याबद्दल चार गोष्टी सांगते.

दसऱ्याच्या आधीपासूनच कानोसा घेत जा. ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या बेतात असतात. मुकादम उचल देतो ती नवरा-बायकोच्या जोडीला, म्हणून पोराचं लग्न घाईनं उरकतात. मुलीच्या आईबापाची धास्ती वेगळी: सहा महिने आपण फडावर, वयात आलेली पोर कुणाच्या भरवशावर ठेवायची? ही धास्ती समजून न घेता नुसता कायदा ऐकवलास, तर लग्न दुसऱ्या गावात लागेल.

सुगावा लागताच १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन कर, अंगणवाडीताईंना सोबत घे. वयासाठी जन्मदाखला किंवा शाळेचा दाखला बघ, आधारवरच्या तारखेवर विसंबू नकोस. लपून लग्न लावतील असं वाटलं तर न्यायालयाकडून मनाई हुकूम मिळतो. तो मोडून लावलेलं लग्न मुळातच रद्द ठरतं. आधीच लागलेलं लग्नसुद्धा मुलीला सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांपर्यंत रद्द करून मागता येतं. हे तिला कुणी सांगत नाही, तू सांग.

खरी कसोटी लग्न थांबवल्यानंतर आहे. आईबापाकडून हमीपत्र लिहून घेतलं, बातमी छापून आली, की सगळे आपापल्या घरी. मुलगी मात्र त्याच घरात, मोडल्या लग्नाचे टोमणे आणि खर्चाची उधारी सोसत. म्हणून हमीपत्राच्या दिवशीच तिच्या राहण्याचं बघ: हंगामी वसतिगृह, कस्तुरबा गांधी विद्यालय, ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीची संत भगवानबाबा वसतिगृहं. घरून जाणार असेल तर एसटीचा मोफत पास बारावीपर्यंत आहे, पण गाडी शाळेच्या वेळेला येते का, ते आगारात जाऊन विचार. महिन्यातून एकदा हजेरीपट बघ. बापालाही भेटत राहा, पोर सुरक्षित आहे हे त्याला तुझ्या तोंडून कळू दे.

वरिष्ठ थांबवलेल्या लग्नांचा आकडा मागतील, तो दे. स्वतःच्या वहीत मात्र त्यातल्या किती जणी दहावीला बसल्या, ते लिहीत जा.

तुझी,
आत्या